‘डिसऑर्डर्ड’ प्रोटीनला मराठीत काय म्हणावे?

खानापूरच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुले बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेली की सगळे इंग्रजीतून येते. त्यांच्यासाठी टिपणे काढताना ‘इन्ट्रिन्सिकली डिसऑर्डर्ड प्रोटीन’ला ‘विकारग्रस्त प्रथिन’ म्हटले तर चालेल का?

बाई, हा शब्द कृपा करून वापरू नका. विकार म्हणजे आजार, आणि ही प्रथिने धडधाकट असतात. प्रथिनाची लांब साखळी दुमडून जो आकार घेते ती त्याची घडी; अशी ठरलेली घडी नसणे हीच यांची प्रकृती. दुधातले केसीनच घ्या. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. त्याला उष्णतेने मोडण्यासारखी पक्की घडी जवळजवळ नसतेच, म्हणून दूध उकळले तरी अंड्यासारखे गोठत नाही. कुंद्यासाठी दूध आटवणाऱ्या बेळगावकरांना हे उदाहरण लगेच पटेल. अल्फा-सायन्युक्लिन या अशाच प्रथिनाचे नाव पार्किन्सन या मेंदूच्या आजाराशी जोडले जाते खरे, पण ते गुठळ्या होऊन साचते तेव्हा. एरवी मोकळे असणे हा त्याचा दोष नव्हे.

‘विस्कळीत’ही नको. आधी नीट होते, मग विस्कटले, असा त्याचा अर्थ होतो. ‘रचनाहीन’ जरा बरा. राइट आणि डायसन या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये ‘अनस्ट्रक्चर्ड’ म्हटले होते, त्याच्या तो जवळचा आहे. पण यातली बरीच प्रथिने जोडीदार रेणू भेटला की तेवढ्यापुरती घडी घेतात, त्यांना ‘हीन’ कसे म्हणायचे?

माझी पसंती ‘अनियत’ला. ‘अनियतकालिक’ आपण सहज म्हणतो. ते निघत नाही असे नाही, त्याची तारीख ठरलेली नसते, इतकेच. तसेच ‘अनियतरचन प्रथिन’. कन्नडमध्येही ‘नियतकालिके’ आहेच, त्यामुळे सीमाभागातल्या मुलांना शब्द दोन्हीकडून ओळखीचा वाटेल.

वर्गीकरणात मात्र एक फरक पाळाच. काही प्रथिने जवळजवळ पूर्ण अनियत असतात, काहींचा ठरावीक पट्टाच तसा असतो. पेशीला कर्करोगापासून जपणाऱ्या पी-५३चा डीएनएला धरणारा मधला भाग नीट घडीचा असतो, सुरुवातीचा आणि शेवटचा अनियत. तिथे अख्ख्या प्रथिनाला नाव न देता ‘अनियत प्रदेश’ असे लिहा. पुढे कामावरूनही गट पाडतात. केसीन कॅल्शियम फॉस्फेट धरून ठेवते, म्हणून ते ‘संग्राहक’ गटात घालता येईल.