अल्टो सॅक्सवर मोठा, गुरगुरणारा आवाज कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्ष अल्टो वाजवताय, पण ट्रम्पेट सुरू झाला की तुमचा आवाज दबतो, आणि ग्रोल, म्हणजे गुरगुरणारा आवाज, काढायला गेलं की नुसती चिरकी निघते. चिरकी निघते म्हणजे बहुतेक तुम्ही ओठ आवळताय. मीही तेच करायचो. कार्यक्रम संपल्यावर खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला दातांचे वण उठलेले असायचे. एका जाणत्याने जाड रीड (माउथपीसला लावतात ती थरथरून आवाज देणारी पट्टी) लावायला सांगितली, मी साडेतीन नंबरची लावली आणि आवाज आणखीच कोंडला.

रीड दाबून धरली की तिला थरथरायला जागाच उरत नाही, मग कितीही जोर लावा. नुसतं माउथपीस तोंडात धरून फुंकून बघा. अल्टोला ट्यूनरवर, म्हणजे सूर दाखवणाऱ्या यंत्रावर, साधारण ए हा सूर दिसायला हवा. काटा त्याच्या वर चढत असेल तर ओठ घट्ट आहे. अडीचची रीड भरपूर झाली. घसा जांभई देताना उघडतो तसा ठेवा आणि हवा पोटातून येऊ द्या.

खरी मेहनत ओव्हरटोनवर घ्या. सगळ्यात खालच्या बी फ्लॅटची बोटं धरा आणि ती अजिबात न हलवता वरचे सूर काढा. त्या बी फ्लॅटला सा म्हटलं तर आधी वरचा सा येतो, मग प, मग त्यावरचा सा, मग ग. बोटं तीच, सूर बदलतो तो घसा आणि जिभेच्या मागच्या भागामुळे. मला तो प यायला तीन आठवडे लागले होते. आला, त्यानंतर साधा मधला जीसुद्धा भरून वाजायला लागला. ऑल्टिसिमोचे, म्हणजे सॅक्सच्या नेहमीच्या टप्प्याच्याही वरचे, उंच सूरही याच वाटेने येतात.

आता ग्रोल. फुंकता फुंकता गळ्यातून गुणगुणायचं, बस. फक्त वाजतोय तोच सूर गुणगुणू नका, दुसरा घ्या. दोन सूर एकमेकांवर घासतात त्याचीच ती खरखर. आधी सॅक्स बाजूला ठेवून जमवा: ओठांतून फुंकर सुरू आणि गळ्यात ‘ऊं’. खरखर काढायची दुसरी रीत म्हणजे फ्लटर टंगिंग. त्याला तर जीभ ‘र्रर्र’ अशी फिरवायची असते, आणि तो र आपल्या जिभेवर लहानपणापासून आहे.

ऐकायला अर्ल बॉस्टिकचं 1951 चं ‘फ्लेमिंगो’ घ्या. अल्टोच आहे, आणि एवढ्या खरखरीतही सूर जागचा हलत नाही. मग 1942 मधला, लायनेल हॅम्प्टनच्या बँडमधला इलिनॉय जॅकेटचा ‘फ्लाइंग होम’वरचा सोलो. टेनर, म्हणजे अल्टोपेक्षा मोठा आणि खालच्या आवाजाचा सॅक्स, वाजवणारा हा मुलगा तेव्हा जेमतेम विशीच्या आसपासचा होता! एकाच सुरावर ठाण मांडून तो कसा हाणतो ते बघा.

सुरुवातीला ग्रोल दिवसाला पाच मिनिटांच्या वर नको. घसा खवखवला की तिथेच थांबा आणि लाँग टोनवर, म्हणजे एकच सूर लांब धरून ठेवण्यावर, या. खोली लहान असेल तर कानात इअरप्लग घाला.