तहाची 'साक्ष' आणि लादिनो

प्रश्न असा आलाय की 'आमिस्ताद' ह्या स्पॅनिश जहाजावर गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या आफ्रिकनांनी उठाव केला, त्याच्या खटल्यात (१८३९ ते ४१, अमेरिका) आंतरराष्ट्रीय तह कोर्टापुढे आले ते 'साक्ष' म्हणून की 'पुरावा' म्हणून?

दोन्ही नाही. आणि 'तहाची साक्ष काढली' हे वाचून वाचून डोकं उठलंय. साक्षी म्हणजे स्वतः बघणारा, पाणिनीनं त्यासाठी वेगळं सूत्र दिलंय, कागद काय बघणार? अमेरिकेच्या राज्यघटनेत तह हा कायदाच आहे, त्यामुळे त्याचं कलम लावतात, त्याचा आधार घेतात. उलट स्पेनबरोबरच्या १७९५ च्या तहाचं नववं कलमच पुरावा मागतं: चाच्यांकडून सोडवलेलं जहाज आणि माल मालकाला परत द्यायचा, पण मालकी पुरेशा पुराव्यानिशी शाबीत झाली तरच. स्पेनचं म्हणणं काय, तर उठाव करणारे आफ्रिकन हेच चाचे आणि हाच माल! आफ्रिकनांचे वकील, माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्सनी सुप्रीम कोर्टात नेमकं हेच पकडलं, एकच माणूस चोर पण आणि चोरीचा माल पण कसा?

पुरावा कसला होता तर स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबात, हवानात मिळालेले गुलाम नेण्याचे परवाने, आणि त्यात तो शब्द, 'लादिनो'. मूळ लॅटिन 'लातिनुस', म्हणजे लॅटिन येणारा. स्पेनमध्ये तो झाला आपली भाषा येणारा परका, मग क्यूबात मुरलेला, स्पॅनिश बोलणारा गुलाम. नुकताच आफ्रिकेतून आणलेला तो 'बोसाल'. (स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंच्या भाषेला लादिनो म्हणतात, ते पण ह्याच मुळातलं.) आता हा फरक एवढा महत्त्वाचा का, तर १८१७ च्या इंग्लंड-स्पेन तहानं १८२० पासून आफ्रिकेतून गुलाम आणायला बंदी होती, पण क्यूबात आधीपासून असलेला गुलाम ठेवायला नव्हती, म्हणजे लादिनो लिहिलं की माणूस कायदेशीर माल आणि बोसाल लिहिलं की सरळ अपहरण.

स्पॅनिशमध्ये लादिनो म्हणजे धूर्त, लबाड असंही. भाषा आली की माणूस हुशार होतो म्हणून हा अर्थ आला असं सांगतात, मला ते अजिबात पटत नाही. माझं मत असं की हा मालकाच्या धास्तीतून आलेला अर्थ आहे, आपण काय बोलतो ते ज्याला कळतं तो मालकाला लबाडच वाटणार. आपल्याकडे संस्कृतात 'नागर' बघा, आधी शहरातला, मग चतुर, मग कावेबाज, शिवी नेहमी जवळ आलेल्यालाच बसते.

आणि ह्या शब्दाचं अमेरिकन काँग्रेसच्या छापील कागदपत्रांत भाषांतर काय झालं, तर 'धडधाकट'! अख्खा खटला ज्या शब्दावर उभा तोच गायब. ॲडम्सनी त्यावर रान उठवलं ते योग्यच केलं, आणि तरी आजही कुणी 'ते नुसतं भाषांतरातलं दुर्लक्ष' म्हणून सोडून देतं तेव्हा मला राग येतो. स्पॅनिश येणाऱ्याला तिथे धडधाकट सुचूच शकत नाही.

जहाजावरच्या गुलामांवर मालकी सांगणाऱ्या पेद्रो मोंतेस ह्या स्पॅनिश माणसाच्या परवान्यात तीन लादिनो आहेत: हुआना, फ्रान्सिस्का, होसेफा. प्रत्यक्षात त्या मेंडे ह्या पश्चिम आफ्रिकेतल्या जमातीच्या मुली, तेमे, काग्ने आणि मार्ग्रू. १८३९ मध्ये लहान पोरी, १८२० मध्ये जन्मलेल्याही नव्हत्या, तर बंदीच्या आधी क्यूबात आल्या कुठून? त्यांना स्पॅनिश येत नव्हतं, मेंडे बोलणारा दुभाषा मिळाला तो सुद्धा येल विद्यापीठाच्या प्रोफेसर गिब्जनी त्यांच्या भाषेतले आकडे शिकून न्यूयॉर्कच्या गोदीत ते मोठ्यानं म्हणत फिरून शोधला तेव्हा. ९ मार्च १८४१ ला सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती स्टोरींनी निकाल दिला की सरकारी कागद वरवर खरा धरला तरी फसवणूक दिसली की त्याची किंमत शून्य, आणि आफ्रिकन मोकळे झाले.

तर वाक्य असं लिहा: 'स्पेननं १७९५ च्या तहाचा आधार घेतला, पण त्याच तहाला हवा असलेला पुरावा खोटा निघाला.'