विहिरीच्या पाण्याची तपासणी : शेतकऱ्यांच्या चार प्रश्नांची उत्तरे

प्रश्न : विहिरीचे पाणी नितळ आहे, चवीला गोड आहे, टीडीएस मीटर ३८० दाखवतो. मग प्रयोगशाळेत पाठवायची गरज काय?

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतूंचा त्याला पत्ताही लागत नाही. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. त्याच्या पाचपट आर्सेनिक असले तरी तुमचा ३८० चा आकडा जागचा हलणार नाही. नायट्रेटलाही रंग, वास, चव काहीच नसते.

कोलिफॉर्म व ई. कोलाय (पाण्यात विष्ठेची घाण मिसळल्याचे दाखवणारे जंतू) आणि नायट्रेट यांची तपासणी दरवर्षी करा. पावसाळ्यात चांगले दोन-तीन पाऊस झाले की नमुना द्या, कारण उकिरड्याचे, गोठ्याचे आणि शोषखड्ड्याचे पाणी तेव्हाच खाली झिरपते. उन्हाळ्यात घेतलेला अहवाल चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नये. विहिरीत पुराचे पाणी शिरले किंवा पंप, केसिंग (बोअरमध्ये बसवलेला पाइप) यांचे काम काढले तर पुन्हा तपासणी. फ्लोराइड आणि आर्सेनिक बहुधा खडकातून येतात. ते एकदा तपासले की पुढे तीन ते पाच वर्षांनी पाहिले तरी चालते. मात्र बोअर आणखी खोल नेला तर लगेच तपासा, कारण पाण्याचा थरच बदललेला असतो.

प्रश्न : नमुना कसा घ्यावा? घरातली बाटली धुऊन चालेल का?

जंतूंसाठी अजिबात नाही. अहवाल फसतो तो बहुतेक वेळा नळापाशीच.

जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या. तिच्या तळाशी थोडी पांढरी भुकटी किंवा थेंबभर द्रव असतो. ते सोडियम थायोसल्फेट. पाण्यात क्लोरीन असेल तर त्याचा परिणाम ते थांबवते. कचरा समजून अनेक जण बाटली विसळतात आणि तिथेच नमुना वाया जातो. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, पाणी पाच मिनिटे वाहू द्या. मग झाकण हातातच धरून (खाली ठेवायचे नाही, आतून बोट लावायचे नाही) बाटली भरा आणि वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर २४ तासांत पोहोचवा. उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेला नमुना देण्यात अर्थ नाही.

रासायनिक तपासणीला एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली चालते. इथे उलट, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरायची. हाही नमुना थंड ठेवा. नायट्रेट ४८ तासांच्या आत तपासले गेले पाहिजे. धातूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेने आम्ल घातलेली वेगळी बाटली दिली असेल, तर ती मात्र विसळू नका.

प्रश्न : एकाच विहिरीचे नायट्रेट एका अहवालात ६२ आणि दुसऱ्यात १४ आले. खरे कोणते? पाणी उकळून प्यावे का?

दोन्ही खरे असू शकतात. एकाने नायट्रेट लिहिले, दुसऱ्याने नायट्रेट-नायट्रोजन, म्हणजे नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन. १४ ला ४.४३ ने गुणा, ६२ येतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा नायट्रेट म्हणून ५० मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजेच नायट्रोजन म्हणून सुमारे ११. आकडा वाचण्याआधी शेजारचे एकक वाचा.

उकळू नका. पाण्याची वाफ होते, नायट्रेट भांड्यातच राहून आणखी दाट होते. कार्बन, कँडल किंवा यूव्ही फिल्टरनेही ते जात नाही. आरओने कमी होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची दुधाची पावडर या पाण्यात कधीही कालवू नका. बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि ओठ-नखे निळसर पडतात.

सिंचनाला हे पाणी चालते, पण त्यातले नत्र (नायट्रोजन) खताच्या हिशोबात धरा. एकरी १०० मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४०५ घनमीटर. लिटरला १४ मिलिग्रॅमप्रमाणे त्यातून साडेपाच किलोच्या वर नत्र, म्हणजे जवळपास १२ किलो युरिया शेतात जातो. तो न मोजता पूर्ण मात्रा देत राहिलात, तर पिकाला न लागलेले नत्र पुन्हा त्याच विहिरीत उतरते.

प्रश्न : ई. कोलाय निघाले. ब्लिचिंग पावडर किती टाकावी?

१०० मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय नसावा. असला तर आजपासून पिण्याचे पाणी उकळा. खळखळून एक मिनिट उकळी पुरते.

मात्रा अंदाजाने नको. आधी विहिरीत पाणी किती ते काढा : व्यासाचा वर्ग × ०.७८५ × पाण्याची खोली, सगळे मीटरमध्ये. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर २८ घनमीटर. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन धरले तर १.४ किलो क्लोरीन लागते, म्हणजे ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर सव्वाचार किलो. उघड्या पोत्यातली जुनी पावडर २० टक्क्यांवरही आलेली असते, तेव्हा सीलबंदच घ्या. १५ सेंटिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये ६० मीटर पाणी असेल तर १६० ग्रॅम पुरते.

पावडर कोरडी टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना तळाशी बसू द्या, वरचे पाणीच ओता; बोअरमध्ये चुना गेला तर जाळी बुजते. मग पंप चालू करून नळीने तेच पाणी विहिरीच्या भिंतींवर किंवा केसिंगच्या आतून अर्धा तास फिरवा. घरातले सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, बंद करा, १२ ते २४ तास थांबा. या काळात विहिरीत कोणी उतरू नये. नंतर वास जाईपर्यंत उपसा करून ते पाणी पडीक जागेत सोडा. पिकात, ओढ्यात, मत्स्यतळ्यात किंवा सेप्टिक टँकमध्ये नको.

आठवड्याने नमुना द्या, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. दुसऱ्यांदाही जंतू आले तर पावडर वाढवून उपयोग नाही. घाण कुठून तरी आत येते आहे. केसिंग जमिनीपासून किमान ३० सेंटिमीटर वर आहे का, भोवतीच्या ओट्याचा उतार बाहेरच्या बाजूला आहे का, केसिंगच्या बाहेरची पोकळी सिमेंटने भरली आहे का, हे आधी पाहा. उकिरडा आणि शोषखड्डा वरच्या अंगाला, ३० मीटरच्या आत असेल तर तो हलवावा लागेल.