एसटी, बेस्ट, पीएमपी: सगळ्या सरकारीच, मग नियम वेगळे का?

तुमचा प्रश्न असा: एसटी, बेस्ट, पीएमपी या सगळ्या सरकारी बस, मग 2023 मध्ये महिलांना अर्धं तिकीट झालं ते फक्त एसटीतच का?

कारण तिघींचे जन्मदाखले वेगळे आहेत. मी एसटीच्या लेखा शाखेत नोकरी केली, त्यामुळे तिच्याबद्दल जरा जास्त बोलेन.

एसटी महामंडळ चालतं 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमावर. कायदा केंद्राचा, पण महामंडळ स्थापायचं आणि त्याला सूचना द्यायच्या त्या राज्याने. कलम 22 म्हणतं, कारभार व्यापारी तत्त्वावर करा. कलम 34 म्हणतं, राज्य सरकार भरतीपासून पगारापर्यंत सूचना देईल, त्या पाळा. म्हणजे धंदाही करा आणि सांगू तेही ऐका. मेख इथेच आहे. कलम 30 तर वाचून एसटीतला कुणीही हसेल: विस्तारावर खर्च करून नफा उरलाच, तर तो रस्त्यांसाठी राज्याला द्यायचा!

17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट मिळतं ते सरकारच्या सांगण्यावरून, आणि उरलेला अर्धा भाग महामंडळ सरकारकडे मागतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना कंडक्टर मशीनमधून शून्य रुपयाचं तिकीट काढून देतो, ते बघून लोक म्हणतात, कागद कशाला फुकट घालवता? अहो, तो कागद म्हणजेच सरकारला पाठवायचं बिल. तिकीट निघालं नाही तर आजोबा गाडीत बसलेच नव्हते असा हिशेब होतो आणि प्रतिपूर्ती मिळत नाही. तिकडे 1958 च्या राज्याच्या कायद्याने एसटीच्या भाड्यावर 17.5 टक्के प्रवासी कर सरकारजमा होतो. या हाताने घ्यायचं, त्या हाताने द्यायचं. माझ्या मते हा कर कधीच जायला हवा होता.

भाडं मात्र महामंडळ स्वतः वाढवू शकत नाही. प्रस्ताव त्यांचा, मंजुरी राज्य परिवहन प्राधिकरणाची, मोटार वाहन कायद्याखाली. जानेवारी 2025 मधली 14.95 टक्क्यांची वाढ अशीच झाली.

बेस्टचं घर वेगळं. 7 ऑगस्ट 1947 ला ती मुंबई महापालिकेच्या ताब्यात आली आणि आजही 1888 च्या महापालिका अधिनियमाखाली पालिकेचा उपक्रम म्हणून चालते. मे 2025 मध्ये साध्या बसचं किमान भाडं 5 वरून 10 रुपये झालं, त्यालाही आधी पालिकेची आणि मग मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाची मान्यता लागली. तोटा भरून काढायला हात पसरायचा तोही आधी पालिकेपुढे.

पीएमपी तर सरळ कंपनी आहे. 2007 मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन पालिकांच्या बससेवा एकत्र करून काढलेली. तुटीतला 60 टक्के वाटा पुणे पालिकेचा, 40 टक्के पिंपरी-चिंचवडचा. त्यामुळे पीएमपीत सवलत हवी असेल तर पहिला प्रश्न येतो, पैसे कुठल्या पालिकेच्या बजेटमधून? एसटीपुरत्या निघालेल्या जीआरने, म्हणजे सरकारी आदेशाने, तो सुटत नाही.

2021-22 च्या एसटी संपात विलीनीकरणाची, म्हणजे कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेत घ्या अशी, मागणी झाली तेव्हा ‘कायद्यात बसत नाही’ हे वाक्य खूप ऐकलं. बसत नव्हतं हे खरं, पण कायदा करता येतो. आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि 1 जानेवारी 2020 पासून तिथल्या आरटीसीचे, म्हणजे तिथल्या एसटी महामंडळाचे, कर्मचारी सरकारी सेवेत गेले. महामंडळ मात्र तसंच ठेवलं. आपल्याकडे अडलं ते पगाराच्या बोज्यावर, कलमांवर नव्हे, असं माझं मत. पटलं नाही तर खाली लिहा.