ऑर्डर टिपायच्या पीडब्ल्यूएसाठी कोणता स्टार्टर प्रोजेक्ट घ्यावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: घरचा चादर-टॉवेलचा होलसेल धंदा आहे, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आणि पूर्व भागातल्या कारखान्यांत फिरताना ऑर्डर मोबाइलवर पीडब्ल्यूएत (ब्राउझरमधूनच फोनवर घेता येणारं, नेट नसतानाही चालू शकणारं वेब ॲप) टिपायची आहे, पत्र्याच्या शेडमध्ये रेंज गेली तरी काम अडायला नको. रिॲक्ट (वेब ॲपचे स्क्रीन बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) येतं, आता स्टार्टर, म्हणजे सुरुवातीचा तयार सांगाडा, कुठला घेऊ?

मी सोलापुरातच छोट्या व्यापाऱ्यांसाठी असली कामं करतो. माझं मत: गिटहबवरचा ‘सगळं आयतं’ असलेला बॉयलरप्लेट घेऊ नका. त्यात लॉगिन, थीम, चार भाषा, नोटिफिकेशन असं सगळं असतं आणि ऑफलाइन काही बिघडलं की कुठं बघायचं तेच कळत नाही. व्हीट (Vite, प्रोजेक्ट चालवायचं आणि बिल्ड करायचं टूल) याचं रिकामं रिॲक्ट टेम्प्लेट घ्या, त्यावर व्हीटचं पीडब्ल्यूए प्लगइन टाका. बस्स. यूट्यूबवर अजून क्रिएट-रिॲक्ट-ॲप या जुन्या स्टार्टरचे व्हिडिओ दिसतील, ते सोडून द्या. रिॲक्टवाल्यांनीच फेब्रुवारी 2025 मध्ये ते बाद ठरवलंय.

मॅनिफेस्टमध्ये (फोनला ॲपची ओळख सांगणारी छोटी फाइल) नाव, छोटं नाव, स्टार्ट यूआरएल, डिस्प्ले ‘स्टँडअलोन’, आणि 192 व 512 पिक्सेलचे दोन आयकॉन एवढं पुरतं. छोटं नाव खरंच छोटं ठेवा, नाहीतर होम स्क्रीनवर दुकानाचं अर्धंच नाव दिसेल.

सर्व्हिस वर्कर, म्हणजे नेट नसताना ॲप उघडून देणारी ब्राउझरमधली स्क्रिप्ट, एचटीटीपीएस असेल तरच चालतो, सूट फक्त लोकलहोस्टला (स्वतःच्याच मशीनचा पत्ता). म्हणून लॅपटॉपवर सगळं झकास चालतं, आणि त्याच वायफायवरून मोबाइलमध्ये 192.168 वाला पत्ता उघडला की वर्कर रजिस्टरच होत नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, लॅपटॉपच्या क्रोममध्ये पोर्ट फॉरवर्डिंग लावा, मग फोनवरही लोकलहोस्ट म्हणूनच उघडतं. आणखी एक, व्हीटचं हे पीडब्ल्यूए प्लगइन डेव्ह सर्व्हरवर (कोड लिहिताना चालवतो तो) वर्कर आपणहून चालू करत नाही. ऑफलाइन तपासायचं तर बिल्ड करून (अंतिम फाइली बनवून) व्हीटच्या प्रीव्ह्यूमध्ये तपासा.

प्लगइनमध्ये ‘ऑटो अपडेट’ आणि ‘प्रॉम्प्ट’ असे दोन पर्याय आहेत. बहुतेक ठिकाणी पहिला सुचवतात. तुमच्या कामाला तो नको. नवीन व्हर्जन आलं की पान आपोआप रीलोड होतं, आणि त्याच वेळी कोणी साठ डझन नॅपकिनची ऑर्डर भरत असेल तर भरलेला फॉर्म गेला. प्रॉम्प्ट ठेवा, ‘नवीन आवृत्ती आली आहे’ अशी पट्टी दाखवा, ऑर्डर सेव्ह झाल्यावर माणूस स्वतः दाबेल.

खरं डोकं लावायचं ते ऑर्डरच्या डेटात, आणि ते कुठलाच स्टार्टर करून देत नाही. सर्व्हिस वर्करच्या कॅशमध्ये फक्त ॲपच्या फाइली असू द्या. ऑर्डर इंडेक्सडीबीत (ब्राउझरमधलाच छोटा डेटाबेस) जाऊ द्या, सोबत ‘पाठवली / नाही पाठवली’ अशी खूण. प्रत्येक ऑर्डरचा आयडी फोनवरच बनवा, सर्व्हरवर नको. कारण रेंज येते-जाते तेव्हा सर्व्हरला ऑर्डर पोचलेली असते पण उत्तर फोनपर्यंत येत नाही, मग ॲप तीच पुन्हा पाठवतं. आयडी तोच असेल तर सर्व्हर दुसरी प्रत ओळखून सोडून देतो. नसेल तर गोदामात दुप्पट माल बांधला जाईल आणि वडील पीडब्ल्यूए कायमचं बंद करतील. बॅकग्राउंड सिंकवर (नेट आल्यावर ब्राउझरने मागच्या मागे डेटा पाठवणं) सगळी भिस्त ठेवू नका, आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये ते नाही. ॲप उघडताना आणि नेट परत आल्यावर उरलेल्या ऑर्डरी पाठवा, एवढा साधा कोड अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे चालतो.

दुकानात कोणाकडे आयफोन असेल तर त्यांना ‘इन्स्टॉल करा’ असं बटण देता येत नाही, शेअर मेनूतून होम स्क्रीनवर घ्यायला शिकवावं लागतं. ते टाळू नका. नुसतं सफारीत उघडून वापरलं आणि त्या साइटकडे कोणी फिरकलंच नाही, तर ब्राउझर वापरलेले सात दिवस भरल्यावर सफारी साठवलेला डेटा पुसू शकते, त्यात न पाठवलेल्या ऑर्डरीही आल्या. होम स्क्रीनवर घेतलेल्या ॲपला हा नियम लागत नाही.