हातात फक्त फोन आहे, पैसे नाहीत. मोहिमेसाठी फिल्म कशी करायची?

तुमचा प्रश्न असा, की एक जुनी वास्तू आणि तिच्यामागचं तळं वाचवण्यासाठी तुमच्या पाच-सहा जणांच्या गटाला फिल्म करायची आहे, गाठीला पैसा नाही, तर उसनवारी करून कॅमेरा घ्यावा का आणि झालेली फिल्म पसरवावी कशी.

कॅमेरा घेऊ नका. खिशातला फोन पुरतो. आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: निर्णय कोण घेणार, कधी घेणार आणि त्याने नेमकं काय करावं असं तुम्हाला वाटतं. हे मी अक्कलखाती जमा केलेल्या अनुभवातून सांगतोय. माझी पहिली फिल्म 22 मिनिटांची होती. पहाटेचं धुकं, पाण्यावर उतरणारे बगळे, मागे बासरी. गटातल्या सगळ्यांना फार आवडली. फक्त ती तयार झाली तेव्हा हरकती नोंदवायची मुदत संपून नऊ दिवस झाले होते. तारीख आम्हाला ठाऊक होती. बासरीचा तुकडा नीट बसत नव्हता म्हणून थांबलो होतो.

कोणासाठी करायची, यावर एक जुनं उदाहरण बघण्यासारखं आहे. 1967 मध्ये कॅनडाच्या फोगो बेटावरच्या मच्छीमारांना तिथून हलवायची भाषा सरकारात चालू होती. राष्ट्रीय फिल्म मंडळाचे कॉलिन लो तिथे गेले आणि एक मोठी फिल्म करण्याऐवजी त्यांनी 27 छोट्या फिल्मा केल्या, एकेका माणसाच्या, एकेका विषयावरच्या. त्या आधी बेटावरच दाखवल्या. वेगवेगळ्या वस्त्यांतल्या लोकांनी एकमेकांचं म्हणणं पडद्यावर ऐकलं, मग त्यातून चर्चा झाली. पुढे त्या सरकारी लोकांनाही दाखवल्या गेल्या. बेट रिकामं झालं नाही, आणि मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. हे सगळं फिल्ममुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण दाखवण्याचा तो क्रम मी तेव्हापासून पाळतो: ज्यांची फिल्म, त्यांना पहिली.

आता चित्रीकरण. मोहिमेच्या फिल्मवर पहिला आक्षेप ठरलेला असतो: 'हे इथलं नाहीच' किंवा 'हे जुनं आहे'. म्हणून प्रत्येक जागी पहिला शॉट लांबून घ्या, ओळखीची खूण चौकटीत येईल असा, आणि तारीख-ठिकाण तोंडाने बोला. मग जवळ जा. भिंतीतली भेग दाखवताना शेजारी मोजपट्टी धरा. फोन दगडावर टेकवून दहा सेकंद हलवू नका; हलत्या फोनवरचं काहीच नीट दिसत नाही. मूळ फाइल कापू नका, तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा.

सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे त्याच जागेवरून घेतलेली जुनी-नवी जोडी. आसपासच्या घरांतले जुने अल्बम मागा. लग्नाच्या फोटोत मागे अख्खं तळं सापडतं! तो फोटो जिथून काढला तिथेच उभे राहून आजचा घ्या. लँडसॅट उपग्रहांची 1972 पासूनची चित्रं फुकट मिळतात, आणि 2015 पासून सेंटिनेल-2 उपग्रहांची, ज्यात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 मीटरचा चौकोन. जंगल, नदीचं पात्र, खाण यांसाठी ती उत्तम. तळं लहान असेल तर मात्र त्यात चार-पाच ठिपके दिसतील. मग तो नाद सोडा.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. अंधुक चित्र लोक सहन करतात, न कळणारं बोलणं नाही. दुसरा एखादा फोन बोलणाऱ्याच्या वरच्या खिशात रेकॉर्डर म्हणून चालू ठेवा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर चित्र-आवाज जुळवता येतात. शेवटी अर्धा मिनिट कोणी न बोलता त्या जागेचा नुसता आवाज घ्या. एडिटिंगमधल्या सांध्यांखाली तो अंथरता येतो.

एडिटिंगसाठी शॉटकट, केडेनलाइव्ह फुकट आहेत, डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही. कोणतंही एक घ्या. संगीत घेताना जपा: क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (आपलं काम इतरांना अटींवर फुकट वापरू देणाऱ्या) ज्या परवान्यात रूपांतराला मनाई असते, ते गाणं व्हिडिओखाली लावलेलंही चालत नाही. खरं तर संगीत नकोच. (बासरीचं सांगितलंच आहे.)

एक गोष्ट फार जण विसरतात. दुर्मीळ पक्ष्याचं घरटं किंवा सुटी पडलेली शिल्पं दाखवलीत, तर चोरालाही तुम्हीच वाट दाखवलीत. पसरवायच्या प्रतीतून ठिकाणाची नोंद काढून टाका, मूळ फाइलमध्ये राहू द्या. आतली माहिती देणारा माणूस चेहरा धूसर केला तरी आवाजावरून ओळखला जातो. त्याचे शब्द दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. संमती घेताना 'व्हिडिओ काढू का' एवढं विचारून भागत नाही. हे तुमच्या मालकाने, शेजाऱ्याने पाहिलं तर चालेल का, असं विचारा. नंतर नको म्हणाला तर तो भाग काढा.

पसरवताना एकच फिल्म सगळीकडे ढकलू नका. निर्णय घेणाऱ्यांसाठी तीन-चार मिनिटांची, फोनवर फिरवायला एका मिनिटाची उभी. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. शेवटच्या चौकटीत 'जागे व्हा' वगैरे नको. हरकत कुठे, कोणत्या तारखेपर्यंत द्यायची ते लिहा. आणि जमेल तिथे पांढऱ्या चादरीवर लोकांना एकत्र बसवून दाखवा. हजार जणांनी अंगठ्याने सरकवण्यापेक्षा तीस जणांनी बसून भांडलेलं मला जास्त उपयोगी पडलंय.

सबटायटल चित्रावरच छापा. आमची दुसरी फिल्म चार मिनिटांची होती, समितीसमोर लॅपटॉपवर दाखवली आणि ऐन वेळी स्पीकरने मान टाकली. सदस्यांनी ती निमूट वाचली. संपल्यावर एकाने विचारलं, तो लग्नाचा फोटो परत दाखवता का? त्या दिवशीचा निर्णय पुढे ढकलला गेला. अजून लागलेला नाही, पण तळ्यात भराव टाकणं तूर्त थांबलंय.