घरची भाषा, शाळेची भाषा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी बालवर्गाला शिकवते. माझ्या वर्गातील मुलांच्या घरी मिळून पाच-सहा भाषा बोलल्या जातात. यांतील बरेचसे पालक सभेला येत नाहीत आणि आले तरी गप्प बसून राहतात. ‘निदान घरी तरी शाळेची भाषा बोलत जा’ असे आम्ही त्यांना वारंवार सांगतो, पण फरक पडत नाही. या पालकांना मुलांच्या शिक्षणात सहभागी कसे करून घ्यावे?

उत्तर: सर्वप्रथम तो सल्ला देणे थांबवावे. ज्या आईला शाळेची भाषा जेमतेम येते, ती त्या भाषेत मुलाशी बोलू लागली की बोलणे ‘ये’, ‘बस’, ‘झोप’ एवढ्यावर येऊन थांबते, आणि गोष्टी, आठवणी, थट्टामस्करी, मुलाच्या ‘का?’ला दिलेली लांबलचक उत्तरे, म्हणजे ज्यातून लहान मूल खरोखर शिकते ते सगळे, घरातून नाहीसे होते. घटनांचा क्रम लावणे, कारण सांगणे, गोष्टीत पुढे काय होईल याचा अंदाज बांधणे ही कौशल्ये एका भाषेत पक्की झाली की दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडतात, हे कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून सातत्याने मांडले आहे. मुलाने शिक्षणाची सुरुवात मातृभाषेतून करावी, अशी शिफारस युनेस्कोच्या १९५३ च्या अहवालातही आहे. एवढे असूनही हा सल्ला शाळाशाळांतून अजून दिला जातो, याचे मला नवल वाटते.

आता सभेतील मौनाविषयी. जिथे सगळे बोलणे परक्या भाषेत आणि भरभर चालते, तिथे गप्प बसणाऱ्या माणसाला आस्था नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. सभेऐवजी प्रत्येक कुटुंबाशी एकदा तरी स्वतंत्रपणे, गरज असल्यास दुभाष्याच्या मदतीने बोलावे. मुलाशी घरी कोण कोणत्या भाषेत बोलते (आजी एका आणि वडील दुसऱ्या, असेही असते), रडू आल्यावर त्याला काय सांगून समजावतात, ते कोणत्या खेळात रमते, हे विचारावे. दुभाषी म्हणून त्या मुलाला किंवा त्याच्या मोठ्या भावंडाला मात्र उभे करू नये. मुलांसमोर पालक मोकळे होत नाहीत आणि मुलांवर नको तो भार पडतो.

पुढचे काम नेमके आणि लहान असावे. मला सर्वांत परिणामकारक वाटलेला मार्ग असा की, पुढील आठवड्यात वर्गात जो विषय येणार असेल, समजा पाऊस, त्याचे बिनमजकुराचे एक चित्र आधीच घरी पाठवावे आणि ‘यावर तुमच्याच भाषेत मुलाशी बोला’ एवढेच सांगावे. मग मूल वर्गात येते ते कल्पना घेऊन. त्याला उरलेले काम फक्त नव्या शब्दांचे असते. यासाठी पालकांना लिहिता-वाचता येण्याचीही गरज नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी वर्गात येऊन आपल्या भाषेत गोष्ट सांगावी, तुम्ही चित्रे दाखवत तिचा धागा शाळेच्या भाषेत धरून ठेवावा. ज्यांना कामामुळे येता येत नाही, त्यांच्याकडून तीच गोष्ट फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्यावी. वर्षातून एकदा पारंपरिक पोशाखांचा दिवस साजरा करणे यापेक्षा सोपे असते, पण त्यातून फारसे काही साधत नाही.

तुम्ही पाच भाषा शिकाव्यात अशी कोणाचीच अपेक्षा नाही. तरी ‘दुखतंय का?’, ‘पाणी हवं?’, ‘आई येणार आहे’ अशी चार-दोन वाक्ये आणि मुलाच्या नावाचा अचूक उच्चार पालकांकडूनच शिकून घ्या. शिकवणारे पालक आणि शिकणाऱ्या बाई, अशी अदलाबदल झाल्यावर पुढच्या सभेत कोण बोलते ते पाहा. काही पालक स्वतःच शाळेच्या भाषेचा आग्रह धरतील. त्यांची काळजी खरी असते. ती खोडून न काढता, शाळेची भाषा वर्गात नीट शिकवली जाईल याची खात्री त्यांना द्यावी.

प्रश्न: माझी चार वर्षांची मुलगी घरी अखंड बोलते, पण शाळेत दोन महिन्यांत एक शब्दही बोललेली नाही. घरी मात्र आता दोन्ही भाषांची सरमिसळ करते. दोन भाषांमुळे तिचा गोंधळ होत आहे का?

उत्तर: नाही. नव्या भाषेत शिरताना अनेक मुले काही काळ केवळ ऐकतात, आणि सरमिसळ हा दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांच्या बोलण्याचा नेहमीचा भाग आहे. तिचा शब्दसंग्रह मोजताना दोन्ही भाषांतील शब्द एकत्र धरावेत. ती घरी काय काय बोलते हे बाईंना जरूर कळवा, कारण शाळेला तिची केवळ अर्धीच बाजू दिसते आहे. घरच्या भाषेतही ती मागे पडत असती, तर श्रवणतपासणी करून वाचा-भाषातज्ज्ञांना दाखवा असे मी सांगितले असते. तुमच्या वर्णनावरून तसे दिसत नाही. मात्र शाळेतील मौन आणखी काही महिने तसेच राहिले, किंवा खुणा करणे, इतरांसोबत खेळणेही ती टाळू लागली, तर बालमानसतज्ज्ञांचा सल्ला घ्या.